मेंढीचा मेंदू, मेंढीच्याच नजरेने

चि. छकुलीस,


नागपूरला सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तुला प्रवेश मिळाल्याचं कळलं आणि घरात पेढे वाटले गेले. १९५८ पासून या महाविद्यालयाने विदर्भाला गुरांचे डॉक्टर दिले आहेत. पहिल्याच वर्षी शरीररचनाशास्त्र येतं आणि त्यात मेंदू आला की भले भले घाबरतात, म्हणून हे पत्र.

पहिल्या वर्षाचा विद्यार्थी ट्रेमधल्या मेंढीच्या मेंदूकडे पाहतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर बारावीच्या पुस्तकातली माणसाच्या मेंदूची आकृती असते. तीच आकृती लहान करून तो समोरच्या मेंदूवर बसवू पाहतो आणि तिथेच फसतो. माणूस उभा चालतो, त्यामुळे त्याचा मोठा मेंदू मस्तिष्कस्तंभाच्या डोक्यावर टोपीसारखा बसलेला असतो. मेंढी चार पायांवर चालते. तिचा मोठा मेंदू, त्यामागे लहान मेंदू आणि मग मज्जारज्जूकडे जाणारं मस्तिष्कपुच्छ हे सगळं जवळपास एका रांगेत येतं. वजनही शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या आसपास, माणसाचं तेराशे-चौदाशे. पण कमी वजन म्हणजे कमी प्रतीचा मेंदू, असं समजू नकोस. केंब्रिजजवळच्या बाब्राहम संस्थेतल्या कीथ केंड्रिक यांनी २००१ मध्ये दाखवून दिलं की मेंढ्या पन्नास इतर मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षांहून जास्त काळ लक्षात ठेवतात.

मेंदू हातात आला की आधी पालथा कर. अगदी पुढे दोन जाड गोळे दिसतील, ते गंधकंद. माणसात ते बारीक असतात आणि मोठ्या मेंदूच्या पोटाखाली दडलेले असतात. मेंढीत ते नजरेत भरतात. कारण मेंढीचं जग वासाचं आहे. व्याल्यावर पहिल्या काही तासांत ती आपल्या कोकराचा वास ओळखायला शिकते आणि मग परक्या कोकराला आचळाजवळ येऊ देत नाही. विण्याच्या वेळी मेंदूत ऑक्सिटोसिन वाढतं आणि गंधकंदातल्या पेशींचा प्रतिसादच बदलतो, हे केंड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडलं. अनेक देशांतले मेंढपाळ पोरक्या कोकरावर मेलेल्या कोकराचं कातडं बांधतात आणि त्या मेलेल्या कोकराची आई त्याला पाजते, ते याच गोळ्यांमुळे.

गंधकंदांच्या मागे दृक्‌-नसांची फुली दिसेल. डोळ्यांकडून आलेले बहुतेक तंतू इथे बाजू बदलतात. हे पक्कं लक्षात ठेव, पुढे कामी येईल. फुलीमागे पीयूषिकेचा देठ आणि त्यामागे एकच वाटोळा उंचवटा. माणसात इथे दोन वेगळे उंचवटे असतात. मेंढीत दोन शोधत बसशील तर वेळ जाईल.

देठ आहे, पण खुद्द पीयूषिका बहुधा नसेल. ती कवटीच्या तळाच्या खळग्यात बसलेली असते आणि मेंदू उचलताना देठ तुटून तिथेच राहते. म्हणून मेंदू काढून झाल्यावर रिकामी कवटी टाकून देऊ नकोस. त्या खळग्याच्या दोन्ही बाजूंना बारीक धमन्यांचं दाट जाळं असतं, त्यालाच कॅरॉटिड रेटे म्हणतात. माणसात ते नाही. मेंदूकडे जाणारं गरम रक्त या जाळ्यातून पुढे सरकतं आणि जाळं ज्या शिरांच्या डबक्यात बुडालेलं असतं, त्यात नाकातून थंड होऊन आलेलं रक्त साठतं. दोन्ही रक्तं एकमेकांत मिसळत नाहीत, पण उष्णता एकातून दुसऱ्यात जाते. नाकातल्या या थंडाव्याचा हायपोथॅलॅमसच्या तापमानावर होणारा परिणाम बेकर आणि हेवर्ड यांनी १९६८ मध्ये मेंढ्यांवर मोजला. हायपोथॅलॅमस थंड राहिला की धापणं कमी होतं आणि अंगातलं पाणी वाचतं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेलेला असताना माळरानावरची मेंढरं कशी तग धरतात, याचं एक उत्तर या जाळ्यात आहे. नागपुरात शिकणाऱ्याने तरी ते पाहिल्याशिवाय राहू नये.

हायपोथॅलॅमसचाच आणखी एक किस्सा. तो पीयूषिकेला रासायनिक हुकूम देतो, हे सिद्ध करण्यासाठी रॉजर गिलमँ यांनी कत्तलखान्यांतून लाखो मेंढ्यांच्या मेंदूंतले हायपोथॅलॅमसचे तुकडे गोळा केले. हाती लागलं ते काही मिलिग्रॅम संप्रेरक. १९७७ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

आता मेंदू सुलटा कर. मोठा आणि लहान मेंदू अंगठ्यांनी हळूच दूर कर. खोलात वाटाण्याहून लहान पिनियल ग्रंथी दिसेल; थंड प्रदेशातल्या मेंढ्या दिवस लहान होऊ लागले की माजावर येतात, तो हिशेब तिच्या मेलाटोनिनवर चालतो. तिच्यामागे चार उंचवटे: पुढची मोठी जोडी नजरेची, मागची ऐकण्याची. इथे घाई केलीस तर पाठीकडून निघणारी एकमेव कपालनस, चौथी, तुटून जाईल. ती दोऱ्यासारखी असते.

मग लांब पात्याच्या सुरीने एकाच ओढीत मधोमध काप. दोन्ही अर्धांना जोडणारा पांढरा पट्टा, त्याखाली थॅलॅमस, लहान मेंदूतली झाडासारखी पांढरी नक्षी, सगळं एकदम उघडं होईल.

या सगळ्याचा उपयोग कळपात कळतो. मेंढी उजवीकडे गोल गोल फिरते आहे आणि तिला डाव्या डोळ्याने दिसत नाही, असं मेंढपाळ सांगेल. तंतूंनी बाजू बदलल्याचं आठवलं, तर उजव्या मोठ्या मेंदूत टीनिया मल्टिसेप्स या पट्टकृमीच्या अळीची पाण्याची गाठ असावी, असा अंदाज तू उभ्या उभ्या बांधशील. पुष्कळदा ती फिरते त्याच बाजूला गाठ असते. मेंढी फिरत नाही पण झोकांड्या खाते, पाय वाजवीपेक्षा उंच उचलते, तर लहान मेंदूकडे बघ. हा कृमी कुत्र्याच्या पोटात वाढतो, म्हणून मेलेल्या मेंढीची मुंडी कुत्र्यांपुढे टाकू नका, हे प्रत्येक वाड्यावर सांगत जा.

आणि लाळ गाळणाऱ्या, गिळता न येणाऱ्या जनावराच्या घशात काही अडकलंय का हे पाहायला कुणी तोंडात हात घालत असेल, तर आधी त्याला थांबव. तो रेबीज असू शकतो. अशा जनावराचा मेंदू तपासायला पाठवताना मस्तिष्कस्तंभ आणि लहान मेंदू यांचे तुकडे लागतात. ते ओळखता आले नाहीत तर नमुना चुकीचा जातो; मात्र त्या जनावराच्या संपर्कात आलेल्या गोठ्यातल्या माणसांनी लस घ्यायला या निदानासाठी थांबू नये. तू स्वतः प्रतिबंधक लस अजून घेतली नसशील, तर पहिल्या शवविच्छेदनाच्या आधी घे आणि घेतल्याचं आईला कळव.

तुझा मामा