स्वनिर्मित विमानातील विजेचा हिशेब
कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवली येथे गच्चीवर बांधलेले विमान २०१६ साली जनतेसमोर आले. अशा स्वनिर्मित विमानातील विजेचा भार मोजणे हे निर्मात्याचेच कर्तव्य होय. कारण उड्डाणात अल्टरनेटर बंद पडल्यास सारा भार बॅटरीवर येतो.

इंजिन बंद ठेवून बॅटरीच्या तारेत अ‍ॅमीटर जोडावा. एकेक उपकरण सुरू करून त्याचा प्रवाह वहीत नोंदवावा. रेडिओवर बोलतानाचे मापन वेगळे घ्यावे. प्रक्षेपणात प्रवाह वाढतो. स्टार्टर मात्र फिरवू नये. त्याचा भार अ‍ॅमीटरला पेलत नाही.

अत्यावश्यक उपकरणांची बेरीज ८ अँपिअर आणि बॅटरी १६ अँपिअर-तासांची असल्यास कागदावर २ तास मिळतात. जुन्या बॅटरीची क्षमता निम्मी झाल्यास एकच तास उरतो. विमान उतरविण्यास किती अवधी हाती आहे, हे वैमानिकास ही नोंदच सांगते.