हृदयाचा स्नायू भरून का येत नाही?

प्रश्न : माझा मुलगा तालमीत जातो. जोर-बैठका काढून अंग आंबतं, कधी स्नायू दुखावतो, पण काही दिवसांत सगळं भरून येतं. वडिलांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा मात्र डॉक्टर म्हणाले, "जेवढा भाग गेला, तो गेला." हृदयही स्नायूच ना? मग हा फरक का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : हृदयही स्नायूच, पण त्याची घडण वेगळी. गर्भात हातापायांचे स्नायू घडतात तेव्हा शेकडो पेशी एकमेकींत मिसळून एकच लांब तंतू होतो. या तंतूला पुन्हा विभागता येत नाही. मात्र काही पेशी त्याच्या आवरणाखाली, त्याला बिलगून मागे राहतात. १९६१मध्ये अलेक्झांडर माउरो यांना बेडकाच्या स्नायूत त्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या. त्यांना उपग्रह पेशी म्हणतात. एरवी त्या निजलेल्या असतात. स्नायू फाटला की जाग्या होऊन वाढतात, तुटलेला तंतू सांधतात किंवा नवा घडवतात. काही पेशी मात्र पुन्हा निजतात. शेतकरी पुढच्या पेरणीचं बियाणं राखून ठेवतो, तसंच हे.

हृदयात असं बियाणं राखलेलं नसतं. तिथल्या पेशी एकमेकींत मिसळत नाहीत. टोकाला टोक जोडून एका तालात आकुंचन पावतात, दिवसाला साधारण एक लाख वेळा. विभागायचं तर पेशीला आकुंचनाची यंत्रणा मोडून ठेवावी लागते आणि हृदयाला तेवढीही उसंत नसते. जन्मानंतर लवकरच हे विभाजन जवळजवळ थांबतं.

जवळजवळच, पूर्ण नव्हे. अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेला कार्बन-१४ माणसांच्या डीएनएत उतरला होता. त्यावरून स्वीडनमधल्या योनास फ्रिसेन यांच्या गटाने २००९मध्ये हृदयपेशींचं वय काढलं. पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का पेशी नव्या होतात, पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहून कमी. झटक्यात तर काही तासांत कोट्यवधी पेशी मरतात. त्यांची जागा व्रण घेतो. तो आकुंचन पावत नाही, पण हृदयाची भिंत फुटू देत नाही. जीव वाचतो तो त्याच्यामुळेच.

आपल्याकडच्या ओढ्यांत, भातखाचरांत सापडणारा झेब्राफिश हा बोटभर मासा मात्र हृदय भरून काढतो. त्याच्या जवनिकेचा, म्हणजे रक्त बाहेर ढकलणाऱ्या कप्प्याचा, पाचवा हिस्सा कापला, तरी दोन महिन्यांत ती पूर्ववत होते, असं २००२मध्ये अमेरिकेत दिसून आलं. उरलेल्या स्नायूपेशीच आपली यंत्रणा सैल करून विभागतात. माणसाच्या पेशींना हे शिकवता येईल का, याचा शोध सुरू आहे.

तोवर आपल्या हाती आहे ती वेळ. छातीत दुखू लागलं, दडपण आलं, घाम फुटला, तर "पित्त असेल" म्हणून थांबू नका. रक्तपुरवठा जितका लवकर सुरू होईल तितक्या पेशी वाचतील. वडिलांच्या हृदयाचा उरलेला स्नायू आज सगळा भार वाहतो आहे. औषधं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं त्याच्यासाठीच आहे. ते चुकवू देऊ नका.