प्रभूच्या मेजाशीं दुर्बळ बंधूची जागा

शास्त्रपाठ : २ शमुवेल ९, १ करिंथ ११ : १७–३४ व १२ : १२–२७.

पाठाचा उद्देश : ज्यांची समज मंद आहे अथवा ज्यांस लिहिणें-वाचणें साधत नाहीं, अशा बंधुभगिनींस मंडळींत कोणती जागा आहे हें शास्त्रावरून पाहणें.

हा विषय शाळामास्तरांचा किंवा डॉक्टरांचा आहे, मंडळीचा नव्हे, असें आम्हांसही पूर्वीं वाटत असे. तें खरें नाहीं, हें एका गोष्टीवरून आमच्या ध्यानांत आलें. ती गोष्ट प्रथम सांगतों.

धाराशिव जिल्ह्यांत सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर जळकोट गांव आहे. त्या भागांतील एका लहान मंडळींत एक तरुण आहे. त्याचें वय पंचविशीच्या आसपास आहे, पण त्यास विसापर्यंतही मोजतां येत नाहीं. आदितवारीं उपासनेपूर्वीं मंदिर झाडणें, सतरंज्या पसरणें, म्हाताऱ्या माणसांस हात धरून आणणें हीं कामें तो कोणीं न सांगतां करितो. पूर्ण सभासदत्वाच्या वर्गांत तो तीन वर्षें बसला. आणि तिन्ही वर्षें दहा आज्ञा पाठ न आल्यामुळें "पुढल्या वर्षीं पाहूं" असें सांगून त्यास मागें ठेवण्यांत आलें. प्रश्न विचारणारे आम्हीच होतों. तिसऱ्या खेपेस त्याची आई म्हणाली, "साहेब, माझ्या लेकराला धा आज्ञा म्हणता येत न्हाईत, पर त्यानं कधी कुणाची काडीबी उचलली न्हाई." आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. घरीं येऊन आम्हीं शास्त्र उघडलें, आणि त्यांत जें आढळलें तेंच ह्या पाठांत मांडीत आहों.

१. नांवें ठेवण्याचें पाप

खुळा, मठ्ठ, अर्धवट, येडा हे शब्द आपल्या गांवांत सहज तोंडांतून निघतात. कांहीं माणसांस तर बाप्तिस्म्याच्या नांवानें कोणी हांकच मारीत नाहीं. परंतु मत्तय ५ : २२ ह्या ठिकाणीं प्रभूनें भावास मूर्ख म्हणून तुच्छ लेखणें हें खुनाच्या आज्ञेखालीं आणून ठेविलें आहे, हें विसरूं नये.

येथें दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत, त्या उपदेशकांनीं नीट समजून घ्याव्या. पहिली बौद्धिक अक्षमता. हींत मनुष्यास नवें शिकण्यास, समजण्यास व रोजचे व्यवहार करण्यास इतरांपेक्षां अधिक वेळ व मदत लागते. जन्माच्या वेळीं मेंदूस प्राणवायु कमी पडणें, लहानपणीं मेंदूस ताप बाधणें, आईच्या आहारांत आयोडीन फार कमी असणें, अशीं तिचीं अनेक कारणें आहेत. डाऊन सिंड्रोम ह्या प्रकारांत शरीराच्या पेशींत एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत अधिक असते, असा शोध १९५९ सालीं लागला. दुसरी अध्ययन अक्षमता. हींत बुद्धि चांगली असते. मूल बोलण्यांत, हातकामांत हुशारही असतें. परंतु अक्षरें जुळवून वाचणें, लिहिणें किंवा हिशेब करणें एवढेंच त्यास अतिशय जड जातें. अशा मुलास आळशी म्हणून छडी मारणें म्हणजे लंगड्यास धांवत नाहीं म्हणून मारणें होय. ह्या दोहोंपैकीं एकही गोष्ट वेड नव्हे. आईनें ग्रहण पाळलें नाहीं म्हणून, किंवा आईबापांच्या पापामुळें असें झालें, हें म्हणणें तर प्रभूनें योहान ९ : ३ ह्या ठिकाणीं स्पष्टपणें खोडून काढिलें आहे.

२. जगाचा अन्याय

जेथें मनुष्याची किंमत त्याच्या बुद्धीवरून ठरते, तेथें पुढें काय होतें ह्याचें एक उदाहरण आपल्याच महाराष्ट्रांत घडलें. पुणें जिल्ह्यांत शिरूर येथील सरकारी वसतिगृहांत बौद्धिक अक्षमता असलेल्या मुली ठेविल्या होत्या. १९९४ च्या फेब्रुवारींत त्यांच्यापैकीं दहाहून अधिक मुलींचे गर्भाशय पुण्याच्या ससून रुग्णालयांत शस्त्रक्रियेनें काढण्यांत आले. मासिक पाळीच्या वेळीं त्यांस स्वच्छता राखतां येत नाहीं, असें कारण सांगण्यांत आलें. पुण्यांतील स्त्रियांच्या संघटनांनीं व इतरांनीं मोठा निषेध केला, तेव्हां उरलेल्या शस्त्रक्रिया थांबविण्यांत आल्या, आणि प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयापुढें गेलें. हें करणारे लोक राक्षस नव्हते. ते शिकलेले होते व आपण सोय करीत आहों असें त्यांस वाटत होतें. ज्यांच्या देहाचा प्रश्न होता त्यांचें मत विचारावें, त्यांस धीरानें शिकवावें, हें मात्र त्यांच्या मनांत आलें नाहीं.

आपल्या खेड्यांत अन्यायाचें रूप लहान असतें, इतकेंच. अशा भावाकडून गुरें राखून घेतात, शेतांत राबवितात, आणि मजुरी म्हणून भाकरी देतात. वांटणीच्या वेळीं कागदावर त्याचा अंगठा घेऊन सात-बाऱ्यावरून त्याचें नांव काढवितात. लग्न केल्यानें तो शहाणा होईल ह्या आशेनें सत्य लपवून परक्याची मुलगी घरांत आणितात. ख्रिस्ती घरांत हें घडत नाहीं असें छातीवर हात ठेवून कोण म्हणेल?

देशाच्या कायद्यानें ह्या बाबतींत पाऊल पुढें टाकिलें आहे. १९९५ च्या कायद्यांत अक्षमतेचे सात प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यांत एकवीस आहेत, आणि वर सांगितलेल्या दोन्ही अक्षमता त्यांत आल्या आहेत. चाळीस टक्के किंवा अधिक अक्षमतेचा दाखला असलेल्या मुलास ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. दिव्यांग मनुष्याचा चारचौघांत हेतुपुरस्सर पाणउतारा करणारास सहा महिन्यांपासून पांच वर्षांपर्यंत कैद व दंड सांगितला आहे. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांस परीक्षेंत सवलती देण्यास महाराष्ट्र सरकारनें १९९६ सालींच आरंभ केला. सरकारी परीक्षेंत अशा मुलास ज्यादा वेळ व लेखनिक मिळूं शकतो. मग मंडळीच्या परीक्षेंतच त्यास सवलत नसावी काय?

३. मेज कोणाचें?

दावीद राजानें योनाथानाचा मुलगा मफीबोशेथ ह्यास आपल्या मेजावर बसविलें. तो दोन्ही पायांनीं लंगडा होता. लहानपणीं दाई त्यास घेऊन पळत असतां तो पडला, असें २ शमुवेल ४ : ४ ह्यांत सांगितलें आहे, त्याचा त्यांत कांहीं अपराध नव्हता. राजापुढें येतांना त्यानें स्वतःस मेलेल्या कुत्र्याची उपमा दिली. लोक मनुष्यास जसें म्हणतात तसें तो अखेरीस स्वतःस म्हणूं लागतो. परंतु दाविदानें त्याची परीक्षा घेतली नाहीं. त्याच्या बापाशीं केलेल्या करारामुळें त्यास जागा दिली.

आमच्या मंडळीच्या पंचांपैकीं एका वडिलांनीं आक्षेप काढिला तो प्रामाणिक होता : पौलानें १ करिंथ ११ : २८ ह्यांत प्रत्येकानें आत्मपरीक्षा करून मग जेवावें असें लिहिलें आहे, ज्यास आत्मपरीक्षा करितां येत नाहीं त्यास मेजाशीं कसें बसवावें? ह्याचें उत्तर त्याच अध्यायांत आहे. वचन १७ पासून वाचा. पौल कोणावर रागावला आहे? अज्ञान्यांवर नव्हे. जे खाऊनपिऊन तृप्त झाले आणि ज्यांनीं उपाशी गरीब भावांस लाजविलें, त्यांच्यावर. प्रभूचें शरीर ओळखावें हा त्यांस दिलेला इशारा आहे. आणि तें शरीर म्हणजे आपण सर्व, हें पुढल्याच अध्यायांत तो सांगतो. जीं अंगें दुर्बळ दिसतात तींच अधिक जरूरीचीं, असा त्याचा निर्णय आहे (१२ : २२). तेव्हां दुर्बळांस लाजविणारांस अडविण्यासाठीं जें वचन दिलें, त्याच वचनानें दुर्बळास अडविणें हा त्या वचनाचा विपर्यास आहे. आत्मपरीक्षेची गरज अधिक करून आम्हां प्रश्न विचारणारांसच होती.

४. आचरण

(१) उपदेशकांनीं शिकवितांना पाठांतराऐवजीं चित्र, गीत व कृति ह्यांचा उपयोग करावा. एका वेळीं एकच गोष्ट सांगावी, पुनःपुन्हा सांगावी. परीक्षा शब्दांची न घेतां ओढीची व वागणुकीची घ्यावी.

(२) अशा बंधूस त्याच्या नांवानेंच हांक मारावी. तो समोर असतां त्याच्याविषयीं तिसऱ्याशीं बोलूं नये, त्याच्याशींच बोलावें.

(३) आईबापांसोबत जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयांत जाऊन दाखला काढण्यास मदत करावी. अडाणी आईस ह्या कामीं सोबत करणें ही सेवाच आहे.

(४) वांटणीच्या वेळीं पंचांनीं त्याच्या हक्काचा साक्षीदार व्हावें.

गेल्या ईस्टरच्या दिवशीं तो तरुण प्रभूच्या मेजाशीं आला. ज्या वडिलांनीं आक्षेप घेतला होता तेच त्याच्या शेजारीं गुडघे टेकून बसले. भाकर हातांत येतांच त्यानें ती मोडून अर्धी त्यांच्यापुढें धरिली. असा रिवाज आपल्यांत नाहीं. परंतु त्यास कोणीं थांबविलें नाहीं, आणि वडिलांनीं ती घेतली.

वर्गांत विचारावयाचे प्रश्न

१. आपल्या मंडळीच्या यादींत कोणाचें नांव केवळ पाठांतर न आल्यामुळें राहिलें आहे काय?
२. आपल्या गांवांत कोणास टोपणनांवानेंच ओळखतात? त्याचें खरें नांव आपणांस माहीत आहे काय?
३. मफीबोशेथास मेजावर जागा कशामुळें मिळाली? आपणांस कशामुळें मिळाली?