थंड पाण्याचा चटका

मुलीच्या आग्रहाने 2023 च्या जुलैत आम्ही उभयता ताहितीला जाऊन क्रूझवर चढलो. पहिला मुक्काम मूरेआ बेट. जहाज खाडीत नांगरते आणि छोट्या होड्यांतून माणसांना किनाऱ्यावर नेतात. हिरवे उभे डोंगर, माड, नीरफणस, कोकणच वाटावे.

दुपारी एका होडीवाल्याच्या खोपटात जेवलो. मी तिकडचा प्रसिद्ध पदार्थ घेतला : लिंबू व नारळाच्या दुधातला कच्चा ट्यूना, म्हणजे आपला कुपा. सौभाग्यवतींना कच्चे नको होते. त्यांनी प्रवाळाच्या खडकातला एक मोठा मासा निखाऱ्यावर भाजून घेतला. "शिजलेले खा, काही होत नाही," हा सल्ला माझाच!

रात्री जहाज बोराबोराकडे निघाले आणि त्यांना उलट्या, जुलाब सुरू झाले. बोट लागली, असे ठरवून मी नेहमीची गोळी दिली. वास्तविक बोट लागली तर जुलाब होत नाहीत. पण घरचा रोगी असला की डॉक्टरचे डोके चालत नाही. पहाटे ओठ आणि बोटे झिणझिणू लागली. फ्रीजमधले पाणी दिले तर त्यांनी ग्लास सोडूनच दिला. "अहो, हे भाजतंय!" नाडी पाहिली, 48. इतके पाणी अंगातून गेल्यावर नाडी जलद हवी, ही मंद. तेव्हा मात्र मी घाबरलो.

जहाजावरच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "काल मासा कोणता खाल्ला?"

या विषबाधेला सिग्वाटेरा म्हणतात. मेलेल्या प्रवाळावर शेवाळ माजते, त्यावर एक सूक्ष्म एकपेशीय जीव वाढतो. फ्रेंच पॉलिनेशियातल्याच गाम्बिये बेटांवरून त्याला 1979 मध्ये गाम्बियरडिस्कस हे नाव मिळाले. शेवाळ खाणारे छोटे मासे, त्यांना खाणारे मोठे मासे, असे विष साठत जाते. माशाला काही होत नाही; वास, चव बदलत नाही. भाजून, तळून, खारवून, बर्फात ठेवून किंवा लिंबू पिळून हे विष जात नाही. डोके, काळीज आणि गाबोळीत ते अधिक असते. कुपा खोल समुद्रातला, म्हणून मी वाचलो. कुठल्या खडकाजवळचा मासा खाऊ नये हे तिथल्या कोळ्यांना ठाऊक असते. आम्ही विचारलेच नाही. आपल्याकडे मंगळूरलाही अशा विषबाधेची नोंद झालेली आहे.

यावर उतारा नाही. सलाईन लावले, नाडीसाठी अ‍ॅट्रोपिनचे इंजेक्शन दिले. दुपारपर्यंत नाडी 60 वर आली. पुढे सहा महिने मासे, दारू आणि शेंगदाणे-काजूसारखे पदार्थ बंद, कारण त्यांनी लक्षणे पुन्हा उलटतात. दारूचा प्रश्न आमच्या घरी नव्हता, माशांचा होता!

बोराबोरा आम्ही केबिनच्या खिडकीतूनच पाहिले. घरी आल्यावरही पाच आठवडे सौभाग्यवती माठातले पाणी कोमट करून पीत होत्या.