मानवलं तर औषध

डहाणूत आमचं मेडिकल आहे. अठ्ठावीस वर्षं मी काउंटरमागे उभी आहे. एकाच पट्टीतल्या गोळ्या दोन घरांत जातात आणि दोन वेगळ्या तऱ्हा ऐकू येतात, हे पहिल्या वर्षीच दिसलं. त्यात जनुकांचा वाटा किती, हे कळायला मात्र बरीच वर्षं लागली. गिऱ्हाइकांनी आणि घरच्यांनी जे शिकवलं, त्यातलं हे थोडं.

१. 'मानवत नाही' म्हणणाऱ्याला हसू नये.

एक आजी म्हणायच्या, "ताई, खोकल्याचं ते औषध अर्धा चमचा घेतलं तरी दिवसभर झापड येते." सून म्हणायची, नाटकं. मीही हसले होते. त्या औषधात कोडीन होतं. कोडीनची स्वतःची ताकद बेताची. यकृतातलं एक विकर त्यातल्या थोड्या भागाचं मॉर्फिन करतं, आणि काम करतं ते मॉर्फिन. त्या विकराचं जनुक सीवायपी२डी६. काहींकडे त्याच्या जादा प्रती असतात, त्यांच्यात मॉर्फिन भराभर तयार होतं. काहींचं जनुक निकामी असतं, त्यांना कोडीन घेऊन न घेतल्यासारखंच. अशा भराभर मॉर्फिन करणाऱ्या काही मुलांचे जीव गेले. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१७ साली बारा वर्षांखालच्या मुलांना कोडीन देऊच नये असं ठरवलं, त्यामागे तेही एक कारण होतं. आजींची झापड जनुकाची होती की वयाची, कुणी तपासलं नाही. पण ती खरी होती.

२. लघवीचा रंग विचारायला लाजू नये.

वायव्हॅक्स मलेरियाला १४ दिवस प्रायमाक्विन देतात, ताप परतू नये म्हणून. चिकूच्या वाडीतला एक पारशी मुलगा चौथ्या दिवशी दुकानात आला. डोळे पिवळट, तोंडावर तेज नाही. विचारलं तेव्हा खाली बघत म्हणाला, "काळ्या चहासारखी होते." गोळ्या थांबवायला सांगून त्याला तसाच डॉक्टरांकडे धाडला. तांबड्या पेशींना सांभाळणारं जी६पीडी हे विकर त्याच्यात कमी होतं, त्यामुळे औषधानं पेशी फुटत होत्या. गंमत म्हणजे पहिली तपासणी ठीक आली होती. जुन्या पेशी फुटून गेल्या की उरलेल्या नव्या पेशींत विकर बऱ्यापैकी असतं आणि रिपोर्ट फसवतो. तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं, तेव्हा निदान पक्कं झालं.

हा दोष १९५६ साली अमेरिकेत प्रायमाक्विनच्याच अभ्यासातून उलगडला. जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, म्हणून त्रास मुलग्यांना जास्त. पारशी आणि काही आदिवासी समाजांत तो अधिक आढळतो. एरवी माणूस ठणठणीत असतो. पुढे त्या मुलाच्या बहिणीला मुलगा झाला, तेव्हा मी निरोप धाडला: बाळाच्या दुपट्यांत डांबरगोळ्या ठेवू नका. त्यातल्या नॅफ्थलीननंही अशाच पेशी फुटतात.

३. भुलेची गोष्ट घरात सांगून ठेवावी.

माझ्या मावशीचं ऑपरेशन झालं, पण नंतर तिला हात हलवता येईना, श्वासही घेता येईना. काही तास मशिनवर ठेवावं लागलं. घरात 'देवानं वाचवलं' म्हणून विषय मिटला. वीस वर्षांनी माझं पित्ताशय काढायचं ठरलं आणि भूलतज्ज्ञांनी विचारलं, "घरात कुणाला भुलेचा त्रास?" आईनं मावशीची गोष्ट सांगितली.

स्नायू सैल करायला स्कोलीन नावाचं इंजेक्शन देतात. रक्तातलं एक विकर ते काही मिनिटांत मोडून टाकतं. आईवडील दोघांकडूनही सदोष जनुक आलं असेल, तर तीच मिनिटं तासांवर जातात. आर्य वैश्य समाजात हे जास्त दिसतं, असे आपल्याकडचे अभ्यास आहेत; आम्ही काही त्या समाजाचे नाही. माझ्या रक्तातल्या त्या विकराची तपासणी केली, आकडा थोडा कमी निघाला. डॉक्टर म्हणाले, "आईंचाही बघू." मावशीची सख्खी बहीण, म्हणजे चारात एक शक्यता. आईचा आकडा अगदी तळाला होता. सत्तर वर्षं तिला कधी भूल द्यावी लागली नाही, एवढंच तिचं नशीब.

४. सगळं जनुकांवर ढकलू नये.

निवृत्त मास्तरांना स्टेंट बसवला होता. क्लोपिडोग्रेल सुरू होतं आणि सोबत स्वतःच्या मनानं ॲसिडिटीसाठी ओमेप्राझोल. क्लोपिडोग्रेल यकृतात गेल्यावरच कामाला लागतं. ते कामाला लावणारं सीवायपी२सी१९ हे विकर काहींच्यात जन्मतःच लंगडं असतं, युरोपपेक्षा आपल्याकडे जास्त लोकांत. २०१० साली अमेरिकेत त्याबद्दल ठळक इशारा छापला गेला. पण मास्तरांच्या बाबतीत आधी डोळ्यांत भरलं ते ओमेप्राझोल. तेही याच विकराला अडवतं. त्यांच्या डॉक्टरांनी ॲसिडिटीची गोळी बदलली. क्लोपिडोग्रेल मात्र स्वतःहून बंद करू नका, हे मास्तरांना मी तीनदा बजावलं.

५. जात ही खूण आहे, पत्ता नाही.

फिट्सवर देतात त्या कार्बामाझेपिननं काहींची कातडी भाजल्यासारखी सुटते. एचएलए-बी*१५:०२ हा जनुकप्रकार असलेल्यांना हा धोका मोठा. तैवानच्या संशोधकांनी २००४ साली हा धागा दाखवला. भारतीय रुग्णांतही तो सापडला आहे. आडनाव बघून हा धोका कळत नाही, रक्त तपासल्यावर कळतो. आणि गोळी सुरू झाल्यावर ताप, पुरळ, तोंडात फोड दिसले, तर वाट बघायची नाही.

६. लिहून ठेवावं.

जनुकं बदलत नाहीत, त्यामुळे अशी तपासणी एकदा केली की आयुष्यभर उपयोगी पडते. कागद हरवला तर मात्र पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आता प्रत्येक नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या नावापुढे मी 'मानवत नाही' असा रकाना ठेवला आहे. आजींच्या रकान्यात लिहिलं, 'कोडीन नको.' त्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "एका चिठ्ठीवर लिहून दे, ताई. सुनेला दाखवायचंय."