कोंबड्यांच्या गादीखतातील नत्र व स्फुरद यांची राखण

कोंबड्यांचे खत जोमदार असते, हे शेतकऱ्यांना नव्याने सांगावयास नको. शेणखतात सरासरी ०.५ टक्का नत्र, ०.२ टक्का स्फुरद व ०.५ टक्का पालाश असतो. कोंबडखतात हेच प्रमाण अनुक्रमे ३.०३, २.६३ व १.४ टक्के असे धरतात. याचा अर्थ, एक टन चांगल्या कोंबडखतात सुमारे ३० किलो नत्र आहे. इतका नत्र विकत घ्यावयाचा झाल्यास सुमारे ६६ किलो युरिया लागेल. परंतु खुराड्यातून निघालेले खत शेतात पडेपर्यंत त्यातील नत्राचा मोठा भाग हवेत निघून जातो, आणि स्फुरद नको तेथे, म्हणजे ओढ्यात व तळ्यात, जाऊन पोहोचतो. हे दोन्ही नुकसान कसे थांबवावे, याविषयी अमेरिकेतील आर्कान्सा विद्यापीठात झालेले संशोधन आपल्याकडील कोंबडीपालकांनीही समजून घेण्यासारखे आहे.

नत्र उडतो कसा

पक्ष्यांची मूत्रविसर्जनाची रीत गुरांहून वेगळी आहे. कोंबडीच्या शरीरातील टाकाऊ नत्र विष्ठेबरोबरच पांढऱ्या यूरिक आम्लाच्या रूपाने बाहेर पडतो. गादीतील सूक्ष्म जंतू या आम्लाचे प्रथम युरियात व नंतर अमोनियात रूपांतर करतात. गादीचा सामू ७ च्या खाली असेल तर हा अमोनिया क्षाररूपाने गादीतच बांधलेला राहतो. सामू ७ च्या वर गेला की तो वायुरूप होऊन उडू लागतो. वापरात असलेल्या गादीचा सामू सामान्यतः ८ च्या आसपास असतो. त्यात गादी ओली असली, तर अमोनिया अधिकच वेगाने सुटतो.

शेडमध्ये शिरताच डोळे चुरचुरतात व नाकाला झिणझिण्या येतात, तो हाच वायू होय. हवेच्या दहा लक्ष भागांत अमोनियाचे २५ भागांहून अधिक प्रमाण होऊ देऊ नये, असा संकेत आहे. प्रमाण वाढत गेल्यास पिलांची वाढ खुंटते, श्वासनलिकेस इजा होऊन रोग बळावतात व पुढे डोळेही बिघडतात. तेव्हा उडून जाणारा नत्र शेतकऱ्याचे दुहेरी नुकसान करतो. खत निःसत्त्व होते व पक्ष्यांचे वजनही घटते.

स्फुरदाचा प्रश्न

आर्कान्सा राज्याच्या वायव्य भागात मांसल कोंबड्यांचा धंदा फार मोठ्या प्रमाणावर चालतो. तेथील गादीखत वर्षानुवर्षे जवळच्याच कुरणांवर टाकले गेले. गवताच्या नत्राच्या गरजेप्रमाणे खत टाकल्यास स्फुरद गरजेहून पुष्कळ अधिक पडतो. तो जमिनीच्या वरच्या थरात साठला व पावसाच्या पाण्याबरोबर वाहू लागला. शेजारच्या ओक्लाहोमा राज्यातील टल्सा शहराला ज्या तलावांतून पिण्याचे पाणी मिळते, त्यांत या स्फुरदामुळे शेवाळ माजले व पाण्यास वाईट चव व वास येऊ लागला. २००१ साली टल्सा शहराने कोंबडी व्यवसायातील कंपन्यांवर दावा लावला. २००३ साली तडजोड होऊन त्या पाणलोट क्षेत्रात खत टाकण्यावर नियंत्रणे आली. खताचा ढीग एका गावाचा आणि शेवाळ दुसऱ्या गावाच्या पाण्यात, असा हा प्रकार होता.

तुरटीचे प्रयोग

फिलिप मूर व त्यांच्या सहकाऱ्यांनी फेएटव्हिल येथे या प्रश्नावर काम केले. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगशाळेतील अभ्यासात त्यांनी गादीमध्ये चुना, तुरटी, लोहाचे क्षार इत्यादी द्रव्ये मिसळून पाहिली. एक किलो गादीत पाण्यात विरघळणारा स्फुरद २००० मिलिग्रॅमहून अधिक होता. यांपैकी काही द्रव्यांनी तो १ मिलिग्रॅमच्याही खाली आणला. चुना व तुरटी या दोहोंनी हे काम केले. मग चुना स्वस्त असता तुरटी का निवडली? कारण उघड आहे. चुन्याने गादीचा सामू वाढतो व अमोनिया उडून जातो. तुरटी आम्लधर्मी असल्यामुळे सामू उतरतो, अमोनिया बांधला जातो व त्याच वेळी तिच्यातील ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवते. एकाच उपायाने दोन्ही चोर पकडले जातात.

पुढे गवताच्या लहान वाफ्यांवर कृत्रिम पाऊस पाडून प्रयोग झाले. त्यांचे निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध झाले. तुरटी घातलेल्या खतावरून वाहून गेलेल्या पाण्यात, साध्या खताच्या मानाने, स्फुरद पहिल्या पावसात ८७ टक्के व दुसऱ्या पावसात ६३ टक्के कमी आढळला. नत्र टिकल्यामुळे गवताचे उत्पन्नही अधिक आले.

त्यानंतर प्रत्यक्ष व्यापारी शेडमध्ये परीक्षा झाली. प्रत्येक पक्ष्यामागे सुमारे ९० ग्रॅम, म्हणजे गादीच्या वजनाच्या सुमारे दहाव्या भागाइतकी तुरटी वापरण्यात आली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तुरटीच्या शेडमधील पक्ष्यांचे सरासरी वजन १.७३ किलो व साध्या शेडमधील १.६६ किलो भरले. कुरणांवरून वाहणाऱ्या पाण्यातील विद्राव्य स्फुरद तीन वर्षांच्या सरासरीने ७५ टक्के कमी झाला. मात्र गादीचा सामू प्रामुख्याने पहिले तीन-चार आठवडेच खाली राहतो, हे ध्यानात ठेवावे. पिले लहान व नाजूक असतात तो हाच काळ असल्याने ही मुदत उपयोगी पडते. पुढील तुकडीस तुरटी पुन्हा द्यावी लागते.

तुरटीने जमीन बिघडेल काय, ही शंका स्वाभाविक आहे. त्यासाठी सात वर्षे वाफ्यांवर निरीक्षणे घेण्यात आली. साधे गादीखत व तुरटीयुक्त गादीखत या दोहोंच्या वाफ्यांत पिकास अपायकारक असे ॲल्युमिनियम नगण्य राहिले. ते वाढले अमोनियम नायट्रेटच्या वाफ्यांत, कारण त्या रासायनिक खताने जमीन आम्ल होत गेली.

आपल्याकडे काय करावे

आपल्या पुष्कळ जमिनींत स्फुरद कमी ते मध्यम असतो, म्हणून तेथील प्रश्न जसाच्या तसा येथे लागू पडत नाही. तथापि जेथे एका गावात अनेक शेड आहेत व खत त्याच चार शेतांवर पडत राहते, तेथे सावध झाले पाहिजे. उदाहरणार्थ, मक्यास हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद व ४० किलो पालाश अशी मात्रा धरली व सर्व नत्र कोंबडखतातून दिला, तर ४ टन खत लागेल व त्यातून स्फुरद १०५ किलो पडेल. त्याऐवजी स्फुरदाचा हिशेब धरून सुमारे २.३ टन खत द्यावे. त्यातून ६९ किलो नत्र मिळेल व उरलेला ५१ किलो नत्र इतर मार्गाने द्यावा. वाचलेले खत दुसऱ्या शेतास उपयोगी पडेल. खताचे पृथक्करण व मातीपरीक्षण करून घेतल्यास हा हिशेब अधिक बिनचूक होईल.

कोंबडीपालकांनी पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. गादी कोरडी ठेवावी. मूठभर गादी दाबून पाहावी. तिचा घट्ट गोळा झाल्यास ती फार ओली आहे असे समजावे. गळकी पाण्याची भांडी व नळ्या ताबडतोब दुरुस्त कराव्यात, ओला भाग काढून तेथे भाताचे तूस किंवा भुसा घालावा व हवा खेळती ठेवावी.

२. पक्षी असताना गादीवर चुना टाकू नये. चुन्याने गादी कोरडी दिसते खरी, परंतु नत्र उडून जातो व पक्ष्यांना त्रास होतो.

३. तुरटी वापरून पाहावयाची असल्यास ती पाणी शुद्ध करण्यासाठी वापरतात ती, म्हणजे ॲल्युमिनियम सल्फेट, घ्यावी. पिले सोडण्यापूर्वी रिकाम्या शेडमध्ये ती गादीवर सारखी पसरून वरच्या थरात मिसळावी. हजार पक्ष्यांस वरील प्रमाणाने सुमारे ९० किलो लागेल. तिची धूळ डोळ्यांस व श्वासास अपायकारक असल्यामुळे चष्मा, हातमोजे व नाकावर फडके वापरावे.

४. सर्व शेडमध्ये एकदम खर्च करू नये. दोन सारख्या शेडपैकी एकात तुरटी घालावी, दुसरे साधे ठेवावे आणि पक्ष्यांचे वजन, मरतुक व खाद्य यांची नोंद ठेवावी. तुरटीची किंमत वाढीव वजनातून व खतातून भरून निघते की नाही, हे त्या नोंदीवरूनच ठरवावे.

५. काढलेले खत विहिरीपासून व ओढ्यापासून दूर, उंच जागी, छपराखाली किंवा आच्छादून ठेवावे. ताजे खत उभ्या पिकाच्या मुळाशी घालू नये, पीक करपते. कोरडा पालापाचोळा मिसळून ते कुजवावे.

६. शेतात खत पसरल्यावर त्याच दिवशी वखराने मातीत मिसळावे. मोठा पाऊस येण्याच्या बेतात असताना उतारावरील जमिनीत खत टाकू नये.

यांपैकी तुरटीखेरीज बाकीच्या गोष्टींना फारसा खर्च नाही. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या कार्यक्षेत्रातील एका तरी कोंबडीपालकाकडे वरीलप्रमाणे नोंदी ठेवून तुलना करून दाखवावी व तिचे आकडे इतर शेतकऱ्यांपुढे मांडावेत. डोळ्यांना झोंबणारा वास हा आपल्याच पैशाचा धूर आहे, एवढे शेतकऱ्यास पटले म्हणजे पुढील काम सोपे होईल.