राजाबाई मनोऱ्याचे जतन

मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट येथील प्रांगणातील राजाबाई मनोरा १८७८ साली पूर्ण झाला. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी त्याचा आराखडा सिद्ध केला. त्याच्या उभारणीसाठी देणगी देणारे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या मातोश्रींचे नाव त्यास लाभले. दृष्टी गमावलेल्या राजाबाईंना सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची वेळ या घड्याळाच्या टोल्यांवरून कळत असे, अशी आख्यायिका आहे.

सुमारे २८० फूट उंचीच्या या मनोऱ्यास समुद्राची खारी हवा व मुसळधार पाऊस यांना तोंड द्यावे लागते. अशा दगडी वास्तूच्या डागडुजीत सिमेंटचा मोह आवरणेच इष्ट. सांध्यांत भरलेले कठीण सिमेंट आत मुरलेल्या पाण्याची वाट अडविते. मग ओल व क्षार दगडातूनच बाहेर पडू लागतात आणि कोरीव कामाचे पापुद्रे सुटतात. चुना मात्र स्वतः झिजतो व दगडास राखतो. जुन्या गवंड्यांना हे पुस्तकाविनाच ठाऊक होते!

मनोरा व लगतचे ग्रंथालय यांचे जतनकार्य टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या अर्थसाहाय्याने, इंडियन हेरिटेज सोसायटीच्या सहभागाने २०१५ साली पूर्ण झाले. २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून गौरविलेल्या मुंबईतील वास्तुसमूहात या मनोऱ्याचाही समावेश आहे.